सोडावॉटर, श्वास आणि एका विकराला घातलेला लगाम

गोटीच्या बाटलीतला थंडगार सोडा तुमच्यापैकी पुष्कळांनी प्यायला असेल. अंगठ्याने गोटी आत ढकलली की ‘फस्स’ असा आवाज होतो, भराभर बुडबुडे वर येतात आणि पहिल्याच घोटाला जिभेवर झिणझिण्या उठतात. आता अशी कल्पना करा की, एक गिर्यारोहक हिमालयातील मोहीम संपवून खाली आला आहे आणि एका दुकानात सोडा पीत आहे. बाटली ताजी आहे, बुडबुडेही भरपूर आहेत. पण घोट घेतो तो काय, सोडा अगदी मचूळ पाण्यासारखा लागतो! दुसरी बाटली उघडली, तीही तशीच. शेजारी बसलेल्या मित्राला मात्र त्याच बाटलीतला सोडा चांगला झणझणीत लागतो.

दोष सोड्यात नाही आणि दुकानदाराचाही नाही. गिर्यारोहक मोहिमेत एक गोळी घेत होता, तिचा हा प्रताप. त्या गोळीचे नाव ॲसिटाझोलामाइड. उंचीवरचा त्रास टाळण्यासाठी गिर्यारोहक जी गोळी घेतात, तेच औषध एकाएकी डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ पाहणाऱ्या रोग्याला तातडीने देतात. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातही त्याचा उपयोग होतो. सोडा, डोळा, हिमालय आणि अतिदक्षता विभाग! या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो जुळवणारा दुवा म्हणजे तुमच्या-आमच्या रक्तात अहोरात्र राबणारे एक विकर. त्याची ही गोष्ट.

तीनशे लिटर वायूची वाहतूक

आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीरात मंद ज्वलन होते आणि त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार होतो. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरात दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. हिशेब करून पाहा: दिवसाला जवळजवळ ३०० लिटर! हा सगळा वायू हातापायांच्या टोकांपासून फुप्फुसांपर्यंत वाहून न्यायचा आणि उच्छ्वासावाटे बाहेर टाकायचा. हे काम रक्ताकडे आहे.

हा वायू रक्तात नुसता विरघळवून नेणे परवडणारे नाही, कारण तसा तो फार थोडा मावतो. म्हणून शरीर एक युक्ती करते. सोड्याच्या कारखान्यात जे घडते तेच रक्तातही घडते. कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी यांचा संयोग होऊन कार्बोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल लगेच फुटते आणि त्याचे दोन भाग होतात. एक हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लतेचा कण. आणि दुसरा बायकार्बोनेट आयन. बायकार्बोनेट पाण्यात सुखाने राहतो. एकूण कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे ७० टक्के वायू असा बायकार्बोनेटच्या रूपाने प्रवास करतो. फुप्फुसांत पोचल्यावर हीच क्रिया उलट दिशेने होते. बायकार्बोनेटपासून पुन्हा वायू तयार होतो आणि तो बाहेर पडतो.

येथे एक अडचण उभी राहते. पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांची ही क्रिया आपली आपण फार सावकाश होते. तिला काही सेकंद लागतात. पण रक्त फुप्फुसातील केशवाहिन्यांतून जाते ते अवघ्या पाऊण सेकंदात! गाडी फलाटावर पाऊण सेकंद थांबणार आणि माल उतरवायला काही सेकंद लागणार, अशी ही स्थिती. मग माल उतरतो तरी कसा?

हमाल सापडला!

या कोड्याचे उत्तर १९३२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे मिळाले. मेल्ड्रम आणि रफ्टन या संशोधकांनी रक्ताच्या तांबड्या पेशींतून एक विकर वेगळे केले. ते या क्रियेचा वेग प्रचंड वाढवते, आणि तोही दोन्ही दिशांनी. त्याचे नाव कार्बोनिक ॲनहायड्रेज. विकर म्हणजे काय हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहेच. जो पदार्थ स्वतः खर्च न होता शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणतो, तो विकर. लाळेतले विकर पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करते, तसाच हा प्रकार. पण वेगाच्या बाबतीत आपल्या या विकराचा हात धरणारी विकरे थोडीच आहेत. त्याचा एक रेणू एका सेकंदात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे दहा लाख रेणूंवर क्रिया घडवू शकतो!

पुढे १९३९-४० च्या सुमारास केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन आणि थॅडियस मान यांनी दाखवून दिले की, या विकराच्या रेणूत जस्ताचा अणू असतो. ज्यात जस्त आहे असे माहीत झालेले हे पहिलेच विकर. हा जस्ताचा अणू म्हणजे विकराचा जणू कामाचा हात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला हाच हात धरून ठेवायचा आहे.

जंतुनाशक औषधाची नको असलेली करामत

१९३५ साली जर्मन शास्त्रज्ञ गेर्हार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल या जंतुनाशक औषधाची माहिती प्रसिद्ध केली. शरीरात त्यापासून सल्फानिलामाइड हा पदार्थ तयार होतो आणि तोच जंतूंना आवर घालतो, हेही लवकरच कळले. पेनिसिलिन अजून वापरात यायचे होते. तेव्हा या सल्फा औषधांनी अनेकांचे प्राण वाचवले.

परंतु डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट आढळू लागली. सल्फानिलामाइड घेणारे काही रोगी जोरजोराने श्वास घेऊ लागत. त्यांचे रक्त तपासले तर ते नेहमीपेक्षा आम्लधर्मी निघे आणि लघवी मात्र अल्कधर्मी. असे का व्हावे? १९४० साली मान आणि केलिन यांनी याचा उलगडा केला. सल्फानिलामाइड कार्बोनिक ॲनहायड्रेज या विकराचे काम बंद पाडते! त्याच्या रेणूचे एक टोक विकरातील जस्ताला जाऊन चिकटते. कामाचा हातच धरून ठेवला म्हटल्यावर विकर काय करणार?

म्हणजे जंतुनाशक म्हणून शोधलेल्या औषधाचा हा निव्वळ उपद्रव होता. पण एकाच्या दृष्टीने जो उपद्रव, तो दुसऱ्याला उपयोगाचा वाटू शकतो. १९४९ साली अमेरिकेतील डॉक्टर विल्यम श्वार्ट्‌झ यांनी हृदय दुबळे होऊन अंगावर सूज आलेल्या काही रोग्यांना सल्फानिलामाइड मुद्दाम दिले. त्यांना भरपूर लघवी झाली आणि सूज उतरली. मात्र हे औषध रोज घेण्याइतके निर्धोक नव्हते. तेव्हा केवळ विकर रोखण्याचे काम करील, असा त्याच घराण्यातला दुसरा पदार्थ शोधण्याची खटपट सुरू झाली. १९५० साली रॉब्लिन आणि क्लॅप या रसायनशास्त्रज्ञांनी असे पदार्थ तयार केल्याचे जाहीर केले. त्यांतलाच एक ॲसिटाझोलामाइड. विकर रोखण्याच्या कामी तो सल्फानिलामाइडपेक्षा शेकडो पटींनी प्रभावी ठरला.

मूत्रपिंडातील वेषांतर

आता तुम्ही विचाराल, ज्या विकरावाचून रक्ताला कार्बन डाय-ऑक्साइड वाहून नेता येत नाही ते रोखले, तर माणूस गुदमरणार नाही का? शंका रास्त आहे. पण तांबड्या पेशींत हे विकर गरजेपेक्षा कितीतरी अधिक साठवलेले असते. त्यामुळे औषधाच्या नेहमीच्या मात्रेने निरोगी माणसाची ही वाहतूक फारशी अडत नाही. खरा परिणाम दिसतो तो मूत्रपिंडात.

आपली मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळून काढतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. लघवी होते ती साधारण दीड लिटर. गाळलेल्या द्रवात बायकार्बोनेट भरपूर असतो आणि तो रक्ताला हवा असतो, कारण रक्ताची आम्लता ताब्यात ठेवण्याचे काम तोच करतो. पण मूत्रनलिकेच्या भिंतीतून बायकार्बोनेटला सरळ आत शिरता येत नाही. मग तो वेष पालटतो! भिंतीपाशी असलेले कार्बोनिक ॲनहायड्रेज त्याचे रूपांतर कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये घडवून आणते. हा वायू भिंतीतून सहज पलीकडे जातो. आत पेशीत तेच विकर पुन्हा हजर असते. ते त्याला परत बायकार्बोनेटचा वेष चढवते आणि रक्तात पाठवून देते.

ॲसिटाझोलामाइड दिले की हे वेषांतर थांबते. बायकार्बोनेट बाहेरच अडकतो आणि लघवीतून निघून जातो. त्याच्यासोबत सोडियम आणि पाणीही जाते. लघवी वाढते आणि अल्कधर्मी होते. रक्त किंचित आम्लधर्मी होते. पूर्वीच्या डॉक्टरांना पडलेले कोडे हेच होते. मात्र हा परिणाम घडवायला मूत्रपिंडातील विकर ९९ टक्क्यांहून अधिक बंद पडावे लागते. राहिलेले एक-दोन टक्केसुद्धा काम निभावून नेतात, इतके ते चपळ!

हे एवढे समजले की पुढचे सर्व उपयोग उलगडत जातात.

डोळ्यातला तुंबलेला झरा

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. त्याला आपण नेत्रजल म्हणू. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे तो मिनिटाला अवघा दोन ते तीन घन मिलिमीटर इतका झिरपत असतो. बाहुलीतून तो पुढे येतो आणि पडद्याच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून वाहून जातो. आवक आणि जावक यांचा मेळ बसला की डोळ्यातला दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो.

काही माणसांच्या डोळ्यांत, विशेषतः उतारवयात, ही कडेची जागा अरुंद असते. कधी संधिप्रकाशात बाहुली मोठी होते, रंगीत पडदा पुढे ढकलला जातो आणि जावकीचा मार्ग एकदम बंद होतो. झरा वाहतोच आहे आणि मोरी तुंबली! दाब झपाट्याने वाढून ५० किंवा ६० मिलिमीटरांवर जातो. डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, अंधुक दिसते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. डोके ठणकते आणि उलट्याही होतात. यालाच तीव्र काचबिंदू म्हणतात. वाढलेल्या दाबाने मागची दृष्टिमज्जा चेपली जाते आणि काही तासांतच तिची कायमची हानी होऊ शकते. घोटाळा असा होतो की, उलट्या आणि डोकेदुखी पाहून घरची मंडळी पित्त झाले असे समजतात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

नेत्रजल झिरपण्यासाठी डोळ्यातील पेशींना बायकार्बोनेट लागतो आणि तो तयार करते आपलेच विकर. म्हणून ॲसिटाझोलामाइड दिले की झऱ्याचे पाणी निम्म्याच्या आसपास कमी होते. १९५४ साली अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ बर्नार्ड बेकर यांनी काचबिंदूवर या औषधाचा उपयोग होतो हे दाखवून दिले. आजही तीव्र काचबिंदूत डोळ्यात घालायच्या इतर थेंबांबरोबर हे औषध तातडीने देतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास याच गटातील औषध थेंबांच्या रूपातही मिळू लागले.

पण नीट ध्यानात घ्या: औषधाने झरा मंदावला, मोरी मोकळी झाली नाही. ते काम पुढे लेसर किरणांनी करतात. रंगीत पडद्याला बारीकसे भोक पाडले की नेत्रजलाला नवी वाट मिळते. औषधाने मिळवून दिली ती तोवरची उसंत. आणीबाणीच्या प्रसंगी या औषधाचे खरे मोल कशात आहे, ते येथे दिसते.

मेंदूभोवती असलेले पाणीही काही अंशी याच विकराच्या मदतीने तयार होते. ते पाणी साचून मेंदूभोवतीचा दाब वाढला तर दृष्टिमज्जा सुजून दृष्टी अधू होते. या विकाराच्या एका प्रकारात हे औषध उपयोगी पडते. अमेरिकेत १६५ रोग्यांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या पथ्यापेक्षा पथ्य आणि औषध मिळून दृष्टीत थोडी अधिक सुधारणा झाली.

उंचावरची विरळ हवा

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. लडाखमधील लेह हे गाव सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. मुंबईकर प्रवासी विमानाने सकाळी निघतो आणि दुपार व्हायच्या आत तेथे पोचतो. तेथे हवेत प्राणवायूचे प्रमाण खालच्याइतकेच, २१ टक्के, असते. पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाएवढा असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो.

मग शरीर काय करते? जोराने श्वास घेऊ लागते. पण त्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइडही भराभर बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. आता गंमत पाहा. तुम्ही श्वास रोखून धरलात की थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. तो मुख्यतः प्राणवायू कमी पडल्याने नव्हे, तर कार्बन डाय-ऑक्साइड साचून रक्ताची आम्लता वाढल्याने. मेंदूतील श्वसनकेंद्राचे लक्ष या आम्लतेवर असते. रक्त अल्कधर्मी झाले की ते म्हणते, ‘‘पुरे झाले, सावकाश श्वास घ्या!’’ म्हणजे एकीकडे प्राणवायूची तंगी सांगते ‘जोराने’ आणि दुसरीकडे हे केंद्र सांगते ‘हळू’. या ओढाताणीत झोपेत तर श्वास मधूनमधून काही सेकंद थांबतोसुद्धा. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, गळून जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. यालाच पर्वतीय आजार म्हणतात. साधारणतः २,५०० मीटरांच्या वर तो जाणवू लागतो.

या आजाराच्या अभ्यासात भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या युद्धकाळापासून आपल्या जवानांना सपाट प्रदेशातून थेट हिमालयातील उंच ठाण्यांवर न्यावे लागले. सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराची तपशीलवार नोंद करून ती १९६९ साली प्रसिद्ध केली. जगभरचे अभ्यासक आजही तिचा उल्लेख करतात.

शरीराला सवड दिली तर ते हा प्रश्न आपणच सोडवते. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीतून टाकून देतात, रक्ताची आम्लता पूर्वपदावर येऊ लागते आणि श्वसनकेंद्राचा विरोध मावळतो. पण याला काही दिवस लागतात. ॲसिटाझोलामाइड हेच काम लवकर सुरू करून देते. ते बायकार्बोनेट बाहेर घालवते, रक्त किंचित आम्लधर्मी करते आणि श्वसनकेंद्राला म्हणते, ‘‘खुशाल जोराने श्वास घ्या.’’ झोपेतही श्वास नीट चालतो आणि रक्तातील प्राणवायू वाढतो. १९६० च्या दशकाच्या मध्यास केन आणि डन या अमेरिकी संशोधकांनी हा परिणाम माणसांवर मोजून दाखवला.

येथेही तीच मर्यादा. मेंदूला सूज येऊन माणूस अडखळत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा फुप्फुसांत पाणी होऊन बसल्या जागी धाप लागू लागली, तर गोळीवर विसंबून चालत नाही. त्याला ताबडतोब खाली उतरवणे आणि प्राणवायू देणे हाच मुख्य उपाय. आणि सर्वांत उत्तम म्हणजे मुळात सावकाश चढणे. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरांहून अधिक उंच नसावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

श्वसनयंत्रापासून सुटका

आता अतिदक्षता विभागात जाऊ. वर्षानुवर्षे विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे निकामी होत गेली आहेत अशा रोग्यांच्या रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड नेहमीच साचलेला असतो. त्याची आम्लता झाकण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट साठवून ठेवतात. एखादे दिवशी छातीत जंतुसंसर्ग होतो, दम कोंडतो आणि रोग्याला श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. यंत्र कार्बन डाय-ऑक्साइड चटकन बाहेर काढते; पण साठवलेला बायकार्बोनेट जागच्या जागीच राहतो. रक्त अल्कधर्मी होते. आणि श्वसनकेंद्र काय म्हणते, ते तुम्हांला आता माहीत आहे: ‘‘सावकाश!’’ रोगी स्वतः पुरेसा श्वास घेईना, की यंत्र काढता येत नाही. जितके दिवस यंत्रावर, तितका नव्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त.

मग ॲसिटाझोलामाइडने हा बायकार्बोनेट काढून टाकला तर? तर्क अगदी चोख वाटतो, आणि अनेक डॉक्टर त्याप्रमाणे औषध देतही आले आहेत. पण विज्ञानात तर्क चोख असून भागत नाही. तो प्रयोगाला उतरावा लागतो. फ्रान्समधील १५ अतिदक्षता विभागांत ३८२ रोग्यांवर अशी चाचणी घेण्यात आली. काहींना खरे औषध दिले, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधाने रक्तातील बायकार्बोनेट कमी झाला खरा; परंतु यंत्रावरचे दिवस निश्चितपणे कमी झाले, असे म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणून आता हे औषध अशा प्रत्येक रोग्याला न देता रक्त तपासून, निवडक रोग्यांनाच देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

जुने औषध, नवा डाव

याच्या उलट गोष्ट हृदयरोगाची. दुबळ्या हृदयाला रक्त पुढे ढकलता आले नाही की पायांत, पोटात, फुप्फुसांत पाणी साचते. श्वार्ट्‌झ यांनी १९४९ साली ज्यांना सल्फानिलामाइड दिले होते ते असेच रोगी. पुढे १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड हे अधिक जोरदार मूत्रल औषध आले आणि ॲसिटाझोलामाइड मागे पडले. एकट्याने त्याचा प्रभाव बेताचाच, कारण मूत्रनलिकेच्या पहिल्या भागात त्याने सोडलेले सोडियम पुढचे भाग परत शोषून घेतात.

पण पुढच्या भागाचे दार फ्युरोसेमाइडने बंद केले आणि पहिल्या भागाचे ॲसिटाझोलामाइडने, तर? बेल्जियममध्ये ५१९ रोग्यांवर हा डाव आजमावला आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधाबरोबर ॲसिटाझोलामाइडही दिलेल्या शंभर रोग्यांपैकी सुमारे ४२ जणांच्या अंगातले पाणी तीन दिवसांत उतरले. नेहमीचेच औषध मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात सुमारे ३० होते. मात्र पुढच्या तीन महिन्यांतील मृत्यू किंवा पुन्हा रुग्णालयात येणे यांत फरक पडला नाही. येथेही औषधाने रोग बरा केला नाही. धाप लागलेल्या माणसाला लवकर मोकळा श्वास घेता आला, एवढेच. पण तेही काही थोडे नव्हे.

लगाम कोठे घालू नये?

ॲस्पिरिनच्या पुष्कळ गोळ्या पोटात जाऊन विषबाधा झाली, तर लघवी अल्कधर्मी केल्याने ते विष लवकर बाहेर पडते. मग ॲसिटाझोलामाइड द्यावे की नाही? क्षणभर थांबा आणि विचार करा. हे औषध लघवी अल्कधर्मी करते, पण रक्त आम्लधर्मी करते! आम्लधर्मी रक्तात ॲस्पिरिनचे विष असा वेष घेते की, त्याला मेंदूत सहज शिरता येते. म्हणजे करायला गेलो एक आणि झाले भलतेच. म्हणून डॉक्टर येथे शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. त्याने रक्त आणि लघवी दोन्ही अल्कधर्मी होतात.

यकृत फार बिघडलेल्या रोग्यांनाही हे औषध चालत नाही, कारण लघवी अल्कधर्मी झाली की अमोनिया बाहेर न पडता रक्तात साचून मेंदूवर परिणाम करतो. ज्यांची फुप्फुसे अतिशय दुबळी आहेत त्यांच्यात कार्बन डाय-ऑक्साइड अधिक साचू शकतो. रक्तातील पोटॅशियम घटते, मूतखडे होण्याचा संभव वाढतो आणि बोटांना मुंग्या येणे तर नेहमीचेच. तेव्हा लडाखच्या सहलीला जाताना कोणी मित्राने दिली म्हणून ही गोळी घेऊ नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि सोड्याची चव? तीही याच विकराची करणी. सोड्यातल्या झिणझिण्या नुसत्या बुडबुड्यांच्या टोचणीने येत नाहीत. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, आंबट चव ओळखणाऱ्या जिभेवरील पेशींच्या पृष्ठभागावर कार्बोनिक ॲनहायड्रेज असते. ते सोड्यातील कार्बन डाय-ऑक्साइडपासून आम्ल बनवते आणि त्या आम्लाची वार्ता मेंदूला पोचते. विकरच रोखले तर वार्ता कोण नेणार? म्हणून आपल्या गिर्यारोहकाचा सोडा मचूळ लागला. गोळी बंद केली की काही दिवसांत चव परत येते.

तुम्हांलाही एक सोपा प्रयोग करता येईल. प्रयोगशाळेत ताज्या सोड्यात निळा लिटमस कागद बुडवा. तो लालसर होईल. मग थोडा सोडा उकळून, गार करून, त्यात दुसरा निळा कागद बुडवा. या वेळी रंग तसा का बदलत नाही, याचे कारण शोधून काढा. सोडा मात्र साधा घ्या, लिंबू पिळलेला नको!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरात कोणा वडीलधाऱ्या माणसाचा डोळा एकाएकी लाल होऊन असह्य दुखू लागला, दिव्याभोवती वलये दिसू लागली आणि सोबत उलट्याही झाल्या, तर पित्त उतरण्याची वाट पाहत बसू नका. त्यांना त्याच वेळी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. डॉक्टरांकडे उसंत मिळवून देणारे औषध आहे. पण ते कामी यायचे तर रोगी वेळेत पोचायला हवा.